जन्मस्थान : गोवा

सरकारी नोकरीत वीसेक वर्षं काढली की माणूस जगाकडे रकान्यांतून बघायला लागतो. नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थान. मुरगाव तालुक्यातल्या माझ्या टेबलावरून दिवसभर जे कागद सरकतात त्यांत हे पाच रकाने ठरलेले. पहिल्या चारांत भानगडी असतात. एकाच माणसाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं, आईचं माहेरचं की सासरचं याचा घोळ, तारखेत खाडाखोड. पाचव्या रकान्यात मात्र सहसा वाद नसतो. माणूस कुठे जन्मला ते एकदा लिहिलं की झालं.

मागच्या महिन्यात एक तरुण आला. आजोबांच्या जन्माची जुनी नोंद हवी होती. कशासाठी, हे विचारायची गरज गोव्यातल्या कारकुनाला पडत नाही. पोर्तुगीज पासपोर्ट! गर्दी होती, त्याचा नंबर उशिरा होता. बाकावर बसून तो वहीत काहीतरी गिरवत राहिला. नंबर आला तेव्हा मी सहज वहीत डोकावलो, तर आमचा शिपाई! चष्मा कपाळावर, हातात फाईल, तोंडावर नेहमीचा कंटाळा. सात-आठ रेघांत अख्खा माणूस उतरला होता. मी विचारलं, काय करता? बेंगळुरूला अॅनिमेशनच्या कंपनीत आहे म्हणाला. आता लिस्बनला जाऊन बघायचं, तिथून पुढे जिथे काम मिळेल तिथे.

"मग परत केव्हा?" मी विचारलं.

तो हसला. "येऊन काय करू, सर? हे काम इथे कोण देणार?"

मी उत्तर दिलं नाही. शिक्का मारायचा होता.

त्याच आठवड्यात आमच्या बारावीतल्या लेकीने जेवताना जाहीर केलं की तिला अप्लाइड आर्टला जायचंय आणि पुढे बाहेर. बाहेर म्हणजे कुठे ते तिलाही माहीत नाही. पेडण्याहून आईचा फोन आला तेव्हा तिच्या कानावर घातलं. आई म्हणाली, "चित्रां काडून पोट भरता काय रे?" आणि मला त्या मुलाची वही आठवली.

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे, म्हणून आज लिहायला बसलो.

गोव्यात जन्मून बाहेर नाव कमावणाऱ्या चित्रकारांचं आपल्याला फार कौतुक. ते असावंही. साळगावात १९२४ साली जन्मलेला फ्रान्सिस न्यूटन सोझा १९४९ साली लंडनला गेला, तिथल्या कलाजगताला त्याने दखल घ्यायला लावली, १९६७ नंतर न्यूयॉर्कला राहिला आणि २००२ साली मुंबईत वारला. त्याचं १९५५ सालचं एक मोठं चित्र २०१५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात चाळीस लाख डॉलरांच्या वर गेलं. त्या चित्राचं नाव 'बर्थ', म्हणजे जन्म! माझ्यासारख्या जन्माच्या नोंदींतच आयुष्य घालवलेल्या माणसाला याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही. आमच्याकडे जन्माच्या दाखल्याची फी किती, आणि तिकडे 'जन्मा'ची बोली किती!

तर आकडा वाचला की आपण म्हणतो, "आमचा साळगावचा हो!" आणि चहा पितो. माझी तक्रार त्या चहाबद्दल आहे. मी स्वतःही तो प्यायलोय, म्हणून अधिक आहे.

आधी जन्मस्थानाच्या रकान्याचंच बघूया. आपण ज्यांना डोक्यावर घेऊन नाचतो त्यांतले कितीतरी गोव्यात जन्मलेलेच नाहीत. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ सालचा, नागपूरचा. आईवडील गोव्याचे. जे. जे.त शिकले, १९६४ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, नंतर दिल्लीत एकटे राहून वर्षाला मोजकीच चित्रं करत राहिले आणि २००१ साली गेले. २०१३ साली मुंबईच्या लिलावात त्यांच्या एका चित्राला २३ कोटींच्या वर किंमत आली, २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, आणि मग आपल्याला ते गोव्याचे असल्याची जोरात आठवण झाली. मारियो मिरांडा लोटलीचे खरे, पण १९२६ साली जन्मले दमणला. चार्ल्स कोरिया जन्मले १९३० साली सिकंदराबादला.

म्हणजे रकाना कडक लावला तर पणजीची कला अकादमी ज्याने उभी केली तो वास्तुरचनाकार आणि तिच्या नाट्यगृहाच्या भिंतींवर ज्याने चित्रांतले प्रेक्षक बसवले तो व्यंगचित्रकार, दोघेही बाहेरचे! नाट्यगृहाला नाव आहे मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांचं, जे इथे जन्मले आणि बाहेर वाढले. एका छपराखाली तिन्ही तऱ्हा. असं घर आपल्याला लाभलं आणि २०२३ सालच्या जुलैत, नूतनीकरण चालू असताना, खुल्या रंगमंचावरचं छप्पर खाली आलं. "आमचे कोरिया" म्हणणं आणि कोरियांचं बांधकाम सांभाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच मला म्हणायचंय.

आता माझ्या घरातली गोष्ट. माझं गाव पेडणे तालुक्यात. लहानपणी आमच्या पडवीत आणि देवघरात ज्या तसबिरी होत्या त्यांत दोन-तीन कॅलेंडरवरच्या, काच लावून घेतलेल्या. लक्ष्मी, राम-सीता, बाळकृष्ण. चेहऱ्यावर लोण्यासारखा उजेड, दागिन्यांचा एकेक मणी मोजून घ्यावा असा. कोपऱ्यात सही, मुळगावकर. आजी रोज त्या लक्ष्मीला हळदकुंकू वाहायची, त्यामुळे त्या सहीवरही कुंकवाचा थर बसलेला. माळ्यावर वडिलांची ट्रंक होती, तीत दिवाळी अंक. मुखपृष्ठांवर बायका इतक्या सुंदर की आम्ही पोरं ट्रंक उघडायचो ती वाचायला नव्हे! तिथे सही, दलाल.

मुळगावकर आणि दलाल ही दोन नावं मला मुंबईची वाटायची. अंक मुंबईचे, कॅलेंडरं मुंबईची, मग माणसंही मुंबईचीच असणार. म्हापशाला बी.ए. करत असताना एका सरांच्या बोलण्यात आलं की रघुवीर मुळगावकर आपल्या अस्नोड्याचे. मी वेड्यासारखा बघत राहिलो. म्हापशाहून डिचोलीला जाताना अस्नोडा लागतं, शेकडो वेळा बसमधून गेलो असेन. १९१८ साली जन्मलेला तिथला एक मुलगा मुंबईला गेला, रंगाचा फवारा मारायची हत्यारं हातात घेऊन त्याने मराठी घराघरातल्या देवांना चेहरे दिले, बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांना मुखपृष्ठं दिली, १९७६ साली तो गेलाही, आणि त्याच रस्त्यावरून कॉलेजला जाणाऱ्या मला पत्ता नाही! दीनानाथ दलालांचंही तेच. १९१६ सालचा मडगावचा जन्म. जे. जे.चा डिप्लोमा घेतला, मुंबईत स्टुडिओ थाटला, १९४५ साली 'दीपावली' सुरू केला आणि १९७१ साली जाईपर्यंत मराठी पुस्तकाने अंगावर काय घालायचं हे जवळजवळ त्यांनीच ठरवलं.

कोणी म्हणेल, मुंबई काय परदेश आहे? तर मंडळी, होता! १९६१ सालच्या डिसेंबरपर्यंत गोवा पोर्तुगालचा आणि मुंबई आधी इंग्रजांची, मग स्वतंत्र भारताची. ज्या मुरगावात मी नोकरी करतो तिथून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेल्वे सुरू झाली, ती दूधसागरावरून घाट चढून कॅसलरॉकला निघायची आणि तिथे राज्य बदलायचं. जकातीची तपासणी व्हायची, ट्रंका उघडल्या जायच्या. बंदरातून बोटी सुटायच्या त्या दूरदूरच्या देशांना. गोव्याची किती माणसं या एका तालुक्यातून जगात सांडली असतील! आणि आमच्या तालुक्याच्या मुख्य शहराला नाव कोणाचं, तर बाहेरून आलेल्या एका खलाशाचं. जाणाऱ्यांच्या नावाने इथे साधा तिठाही नाही. असो.

ही माणसं गेली कशाला? हौस म्हणून नव्हे. पोर्तुगीज अमलात गोव्यात चित्रकलेचं कॉलेज नव्हतं. मुंबईत जे. जे. स्कूल १८५७ पासून होतं. सांग्याला १८७० साली जन्मलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद तिथेच शिकले, मोठे व्यक्तिचित्रकार झाले आणि १९३५ साली मुंबईतच गेले. दुसरी गोष्ट छपाईची. कॅलेंडर, दिवाळी अंक, पुस्तकं, सिनेमाची पोस्टरं आणि जाहिराती यांवर चित्रकाराचं पोट चालायचं आणि हे सगळं मुंबईत. आमच्याकडे चित्रकार नव्हते असं नाही. चवथीच्या आधी चित्रशाळेत गणपतीचे डोळे काढताना मूर्तिकाराचा हात मी लहानपणी श्वास रोखून पाहिलाय. पण ते काम श्रावण-भाद्रपदाचं. उरलेले दहा महिने तोच माणूस शेतात किंवा घर रंगवायच्या कामावर. त्याला कोणी चित्रकार म्हटलं नाही, त्यानेही स्वतःला म्हटलं नाही.

काहींना मात्र पोटाने नव्हे, आपण घालवलं. सांत इस्तेवचे आंजेलो द फोन्सेका, जन्म १९०२. ते शांतिनिकेतनला जाऊन अवनींद्रनाथ टागोर आणि नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले आणि गोव्यात परत आले. त्यांनी साडी नेसलेली मेरी काढली, आपल्याकडच्या बायकांसारखी सावळी. लोकांना ते रुचलं नाही, वाद झाले, आणि शेवटी फोन्सेका पुण्याला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात जाऊन राहिले. १९६७ साली गेले.

पोंबुर्प्याचे वामन नावेलकर यांची कथा तर कादंबरीसारखी. पोर्तुगीज सरकारच्या शिष्यवृत्तीवर लिस्बनला शिकायला गेले. १९६१ साली गोवा मुक्त झाला तेव्हा भारताचा निषेध करणाऱ्या पत्रावर सही करायला त्यांना सांगितलं गेलं. त्यांनी नकार दिला. शिष्यवृत्ती गेली. मग मोझांबिकला जाऊन शिक्षकी केली. तिथे स्वातंत्र्यानंतरच्या धामधुमीत तुरुंग पाहिला. चित्रांनी भरलेली बॅग प्रवासात हरवली ती कायमची. एशिया, युरोप, आफ्रिका असे तीन खंड पालथे घालून हा माणूस गावी परतला आणि २०२१ साली वारला. चित्रांवर सही करायचे 'गणेश', आपल्या वारलेल्या भावाच्या नावाने. माझ्या नोंदवहीत या माणसाला कुठल्या पानावर घालू? नाव एक, सही दुसरी, आणि तीन खंडांचे तीन पत्ते.

मध्यंतरी स्वित्झर्लंडमध्ये जन्मून बाहेर मोठ्या झालेल्या कलाकारांविषयी थोडं वाचलं. तोही आपल्यासारखा लहानसा मुलूख, जगाला माहीत तो सहलीसाठी, आणि गुणी माणसं बाहेर जाणार. चंदीगड उभारणारा ल कॉर्ब्यूझिए मूळचा स्विस, १८८७ सालचा. पॅरिसला गेला, १९३० साली फ्रेंच नागरिक झाला. पण १९९७ साली स्वित्झर्लंडने दहा फ्रँकची नोट काढली तेव्हा तिच्यावर चेहरा त्याचाच छापला. पुढे २०२१ साली ती नोट चलनातून गेली.

पॉल क्ले याची गोष्ट मला अधिक लागली. बर्न शहराजवळ १८७९ साली जन्म, पण बाप जर्मन म्हणून कागदावर हाही जर्मन. जर्मनीत नाव झालं, १९३३ साली नाझींनी नोकरीवरून काढलं, तेव्हा बर्नला परतला. स्विस नागरिकत्वासाठी अर्ज केला. १९४० साली वारला, तोवर अर्जाचा निकाल लागला नव्हता! ज्या देशात जन्मला त्याच देशाच्या कागदाची वाट बघत मेला. माझ्यासारख्या कुठल्यातरी स्विस कारकुनाच्या टेबलावर ती फाईल पडून असणार. हे वाचून मला खरोखर शरमल्यासारखं झालं.

पण पुढचं ऐका. २००५ साली त्याच बर्नमध्ये क्लेच्या नावाने एक मोठं केंद्र उभं राहिलं आणि त्याची सुमारे चार हजार चित्रं तिथे आली. म्हणजे "क्ले आमचा" असं म्हणणाऱ्या माणसाला "चल, दाखवतो" असंही म्हणता येतं. आपल्याला येतं का?

इथे मला घाईने निकाल द्यायचा नाही, कारण सगळंच काळंकुट्ट नाही. गोवा कला महाविद्यालय १९७२ साली सुरू झालं. लक्ष्मण पै हे मडगावचे, जन्म १९२६. लहानपणी मामाच्या फोटो स्टुडिओत काळ्या-पांढऱ्या फोटोंना रंग भरत हात बसला. गोवा मुक्तीच्या चळवळीत पकडले गेले. १९५१ पासून दहा वर्षं पॅरिसला राहिले आणि तिथे बसून गीतगोविंद, रामायण रंगवलं. पुढे परत येऊन १९७७ ते १९८७ ते या कॉलेजचे प्राचार्य होते. परत येणाऱ्याला काम दिलं की काय होतं याचं हे उदाहरण. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आज गोव्यातल्या शाळांत चित्रकला शिकवतायत. त्रिंदाद यांच्या चित्रांचा संग्रह पणजीला फुंदासांव ओरिएंतकडे आला, फोन्सेकांचा पर्वरीच्या झेवियर सेंटरकडे. पिळर्णला सुबोध केरकरांनी २०१५ साली म्युझियम ऑफ गोवा उघडलं. २०१६ पासून पणजीत सेरेंडिपिटी महोत्सव सुरू झाला.

मग अडलं कुठे? मला वाटतं, आपल्या याद्यांत अडलं.

गोव्यात बाहेर गेलेल्या चित्रकारांच्या दोन याद्या आहेत. एक इंग्रजीतली. तीत सोझा, गायतोंडे, त्रिंदाद, फोन्सेका, मारियो. दुसरी मराठीतली. तीत दलाल, मुळगावकर. लक्ष्मण पै दोन्हींकडे थोडे थोडे, आणि नावेलकर बऱ्याच काळपर्यंत कुठेच नाहीत. पहिल्या यादीवाल्यांना दलालांची छापील चित्रं ही 'कला' वाटत नाहीत, कॅलेंडर म्हणून ते नाक मुरडतात. दुसऱ्या यादीवाल्यांना, म्हणजे तुम्हाआम्हाला, सोझा म्हणजे काहीतरी भयंकर आणि 'त्यांचा'. बाहेर गेलेल्यांना बाहेर कोणी असं वाटून घेतलं नाही. मुंबईला यांतले कितीतरी एकाच जे. जे.च्या पायऱ्या चढले. सोझाला तिथून १९४५ साली काढून टाकलं, पण चढला त्याच. गावी मात्र आपण त्यांना लिपी बघून, चर्च-देऊळ बघून वेगवेगळ्या फायलींत लावलं. भाषावादाने गोव्याचं काय काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, मी मराठीचा अभिमानी आहे आणि राहणार. पण चित्राला कसली आलीय लिपी?

याचा तोटा कोणाचा? मेलेल्या चित्रकारांचा नव्हे. आमच्या लेकीसारख्यांचा. तिच्यापुढे अर्धीच यादी येते आणि उरलेला अर्धा गोवा तिला परका वाटतो. तिने पुस्तकात सोझा पाहिलाय, तोही मोबाईलवर. दलाल तिला माहीत नव्हते. तिच्या पणजीने ज्या चित्राला आयुष्यभर कुंकू लावलं ते काढणारा माणूस दहा-बारा कोसांवरच्या गावचा होता आणि त्याने चित्रं काढूनच पोट भरलं, चांगलं भरलं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आईच्या प्रश्नाचं उत्तर आमच्याच भिंतीवर टांगलेलं होतं, आणि आईलाही ते दिसलं नाही.

आता कबुली देतो. हे सगळं ऐटीत लिहितोय तो मी काय केलं? वडील गेल्यावर घराची दुरुस्ती काढली. माळा रिकामा करायचा होता. ट्रंकेला वाळवी लागलेली, पण अंक बरेचसे शाबूत होते. मी सुट्टीवर चार दिवस, गवंडी खोळंबलेले, पाऊस तोंडावर. रद्दीवाल्याला बोलावलं आणि ट्रंक रिकामी केली. वजनावर. किती रुपये आले ते आठवत नाही, इतके कमी होते. ते दलाल आहेत हे मला तेव्हा ठाऊक होतं. ते मडगावचे आहेत हेही ठाऊक होतं. अभिमान पुरेपूर होता! नुसत्या अभिमानाने एक पानही वाचत नाही, हे मी स्वतःच्या हाताने सिद्ध केलं.

म्हणून एक कारकुनी सूचना करतो. हसायला हरकत नाही. आपण या माणसांच्या बाबतीत जन्मस्थानाचा रकाना काही काळ बंद ठेवूया आणि त्या जागी नवा रकाना घालूया, 'काम कुठे बघायला मिळेल'. ज्याच्यापुढे हा रकाना भरता येईल तो आपला. मग तो नागपूरला जन्मलेला असो की दमणला. आणि ज्याच्यापुढे रकाना कोरा राहील त्याच्याबद्दल चहा पिताना फुशारकी मारायची नाही, आधी रकाना भरायचा.

यासाठी कोटी-कोटींच्या योजना लागत नाहीत. सोझाचं चित्र विकत घेणं आपल्या हातचं नाही. पण दलाल-मुळगावकर गावागावांत, माळ्यामाळ्यावर आहेत. पेडणे, डिचोली, सत्तरीत मराठी अंक वाचले गेले, जपले गेले. ज्या घरात जुने दिवाळी अंक, कॅलेंडरं, पुस्तकांची वेष्टणं असतील त्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी एकदा मुखपृष्ठाच्या कोपऱ्यातली सही बघावी. ठेवायला जागा नसेल तर निदान गावच्या वाचनालयाला विचारावं, पणजीला कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे तिथे विचारावं. तालुक्याच्या वाचनालयात एक कपाट असावं आणि त्यात दलालांच्या शेजारी सोझावरचं पुस्तक असावं, मुळगावकरांच्या लक्ष्मीशेजारी फोन्सेकांच्या मेरीचं छापील चित्र. शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकाने वर्षातून एकदा ते उघडून पोरांना दाखवावं. एका कपाटाने काय होणार, असं कोणी विचारील. अस्नोड्यावरून रोज बसने जाणाऱ्या माझ्यासारख्याला निदान कळलं असतं.

आणि जाणाऱ्यांना अडवू नये. हे मी बाप म्हणून लिहितोय, त्यामुळे सोपं नाही. पै परत आले ते त्यांना इथे करायला काम होतं म्हणून. अभिमानाने कोणी परत येत नसतं. त्या मुलाने विचारलेला प्रश्न, "हे काम इथे कोण देणार?", त्याला आपल्यापाशी आज उत्तर नसेल तर निदान त्याचा प्रश्न हा गोव्याच्या अभिमानाचा अपमान समजू नये.

त्याचे कागद झाले. नेताना त्याने शिपायाचं ते चित्र वहीतून फाडून शिपायालाच दिलं. आमच्या शिपायाने ते दोन दिवस टेबलाच्या काचेखाली ठेवलं, नंतर घरी नेलं. मी त्याला एकच सांगितलं, मागे नाव आणि तारीख लिहून ठेव. त्या पोराने सही केली नव्हती.

लेकीचा फॉर्म मी भरायला घेतलाय. पुढच्या रविवारी तिला घेऊन पणजीला जायचं ठरलंय. फोंतायन्यांत त्रिंदाद यांची चित्रं बघायची आणि मग पर्वरीला फोन्सेकांसाठी. तिची आजीही येते म्हणाली. पेडण्याच्या घरातली ती मुळगावकरांची लक्ष्मी अजून देवघरात आहे, तेवढी मी रद्दीत घातली नव्हती. आईला सांगून ठेवलंय, काच पुस, पण कोपरा जपून.